नव्या बुधल्यांचा माणूस

आजचे वचन: मत्तय ९:१७

नवा द्राक्षारस आणि जुने बुधले हा दाखला वाचताना मला रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवतात. ते आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरचे जावई.

१८९३ मध्ये रेल्वेत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा झाला. आप्त दुरावले, पत्नी लक्ष्मीबाईंशीही काही वर्षं ताटातूट झाली. पण मराठीपण त्यांनी सोडलं नाही. अभंगांतून, कीर्तनांतून त्यांनी ख्रिस्त सांगितला.

मंडळी परदेशी पैशावर आणि रीतींवर उभी आहे, हे त्यांना खुपायचं. म्हणून १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. तिथे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सगळेच ख्रिस्तभक्त भाऊभाऊ. दरबार नीट रुजायच्या आतच, १९१९ मध्ये ते प्रभूकडे गेले. अपुरं ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं.

मित्रांनो, टिळकांची गीतं आपण चर्चमध्ये गातो. पण बाप्तिस्मा न घेतलेला, येशूवर प्रेम करणारा एखादा मित्र आपल्या बाकावर आला, तर सरकून जागा देतो का?

प्रभू, आमचं मन नवा बुधला कर. आमेन.