खांसाहेबांचा बसलेला आवाज

आमच्या भजनवर्गात पट्टीवरून वाद झाला तेव्हा मला अल्लादियाखांसाहेब आठवले. गेली कित्येक वर्षे आपण काळी चारमध्ये गातो. पण पन्नाशीनंतर बाईचा आवाज खाली उतरतो, हे मान्य करायला मीही तयार नव्हते. ताणून गायले आणि आठ दिवस घसा धरून बसले.

खांसाहेब १८५५ साली राजस्थानातील उनियारा येथे जन्मले. वडिलांचे छत्र लवकर हरपले आणि चुलते जहांगीरखां यांनी तालीम दिली. घराणे मूळचे धृपदियांचे. पुढे ते आमलेटा या लहानशा संस्थानात चाकरीस राहिले. तेथे फर्माईशींना अंतच नसे, गाणे तासन् तास चाले. विश्रांती न मिळालेला गळा एके दिवशी बसला, आणि बराच काळ उठलाच नाही. गवयाचा गळा गेला म्हणजे सुताराचा हातच गेला की हो! आवाज परतला, परंतु पहिली गोडी व चपळाई घेऊन नव्हे.

माणूस मात्र खचला नाही. हाती राहिलेल्या आवाजाला पेलेल अशी गायकी त्यांनी घडविली. लयीत घट्ट विणलेला आकार, पेचदार ताना, अनवट राग. त्यांची ही जयपूर गायकी महाराष्ट्राने डोक्यावर घेतली. कोल्हापुरास शाहू महाराजांच्या पदरी त्यांनी अनेक वर्षे काढली. १९२२ साली महाराज निवर्तल्यावर ते मुंबईस आले, आणि १९४६ साली नव्वदीत वारले. त्यांची एकही ध्वनिमुद्रिका आज ऐकायला मिळत नाही, ही हळहळ कायमची. मात्र केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या शिष्यांच्या गाण्यातून ती विद्या आपणांस भेटते. केसरबाईंनी तर सत्तरीच्या सुमारास जाहीर गाणे आपणहून थांबविले. मला तो निर्णय मैफलीइतकाच मोठा वाटतो.

घसा बसला असता मी कुजबुजत बोलत होते. त्यानेही ताण पडतो, असे डॉक्टरांनी सांगितले. मौन, भरपूर पाणी आणि वाफारा एवढ्यानेच बरे वाटले. तीन आठवड्यांवर घोगरेपणा राहिला तर मात्र स्वरयंत्र तपासून घ्यावे, असेही ते म्हणाले.

पेटीवाल्या वहिनींना मी आता सांगून ठेवले आहे. यंदाच्या नवरात्रात काळी तीन.