वंशावळींचे शोधक : इतिहासाचार्य राजवाडे

महाराष्ट्रातील जुन्या घरांत माळ्यावर किंवा देवघराशेजारच्या अंधाऱ्या खोलीत एखादी लाकडी पेटी असे. तीत रुमालांत बांधलेली कागदांची दप्तरे असत. दसऱ्यास त्यांवर हळदकुंकू वाहिले जाई. परंतु रुमाल सोडून आतील कागद वाचण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नसे. कागद मोडी लिपीत असत, अक्षर जुन्या वळणाचे असे, आणि पुष्कळ ठिकाणी शाई फिकट झालेली असे. पावसाळ्यात छप्पर गळे, वाळवी लागे; घरातील वृद्ध मनुष्य निवर्तला म्हणजे कित्येकदा सबंध दप्तर रद्दीच्या भावाने वाण्याच्या दुकानी जाई व तेथे त्याच्या पुड्या होत. त्या पुड्यांबरोबर घराण्याच्या आठ-आठ, दहा-दहा पिढ्यांची हकीकत नाहीशी होई. ही हानी थांबविण्यासाठी ज्या पुरुषाने आपले आयुष्य वेचले, त्याचे नाव विश्वनाथ काशिनाथ राजवाडे. महाराष्ट्र त्यांना इतिहासाचार्य म्हणून ओळखतो.

राजवाड्यांचा जन्म १८६३ साली कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील वरसई या गावी झाला. ते लहान असतानाच त्यांचे वडील वारले. पुढे पुण्यास त्यांचे शिक्षण झाले व डेक्कन कॉलेजातून त्यांनी पदवी घेतली. काही काळ त्यांनी शाळेत शिक्षकाचे काम केले. त्यांचा विवाह झाला होता. परंतु पत्नी तरुणपणीच निवर्तली. त्यानंतर त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. उत्तम इंग्रजी येत असूनही जे लिहावयाचे ते मराठीतच लिहावयाचे, असा त्यांचा निश्चय होता. १८९४ साली त्यांनी ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले व ग्रीक तत्त्ववेत्ता प्लेटो याच्या ग्रंथासारखी मोठी पुस्तके मराठीत आणण्याचा उद्योग आरंभिला. ते मासिक फार वर्षे चालले नाही.

त्यांच्या आयुष्यास खरे वळण लागले ते वाई येथे. तेथील एका जुन्या संग्रहात पेशवाईतील पत्रांचा साठा त्यांच्या हाती आला. पानिपतच्या मोहिमेच्या काळात मराठे सरदारांनी व कारकुनांनी एकमेकांस धाडलेली ती पत्रे होती. ज्या युद्धाच्या केवळ कथा लोकांनी ऐकल्या होत्या, त्या युद्धात वावरणाऱ्या माणसांच्या हातची अक्षरे राजवाड्यांसमोर होती. ती पत्रे त्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या नावाने छापली. तो पहिला खंड होय. पुढे या मालेचे एकंदर २२ खंड निघाले.

पत्र हाती आले म्हणजे काम झाले, असे मात्र नव्हते. जुन्या पत्रांत बहुधा तिथी किंवा मुसलमानी महिन्याचा चंद्र असे, पण वर्ष नसे. ज्याला पत्र धाडावयाचे त्याला चालू वर्ष ठाऊकच असल्यामुळे ते लिहिण्याची लेखकास गरज वाटत नसे. मग पत्रात कोणत्या मनुष्याचा उल्लेख आहे, तो तेव्हा कोठे होता, वार व तिथी कोणत्या वर्षी जुळतात, हे सारे ताडून वर्ष ठरवावे लागे. एका चिटोऱ्यासाठी कधी दोन-दोन दिवस जात.

यानंतर राजवाड्यांची भ्रमंती सुरू झाली. गावोगाव जावे, देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, जोशी यांच्या घरी बसावे आणि दप्तर दाखविण्याविषयी विनंती करावी, हा त्यांचा क्रम झाला. सामान अगदी थोडे असे. स्वयंपाक ते आपल्या हातांनी करीत. प्रवासाचा पुष्कळसा भाग पायी घडे. त्यांच्यापाशी पैसा नव्हता आणि सरकारचा हुकूमही नव्हता. लोकांचे मन वळविणे एवढाच उपाय होता, आणि स्वभावाने ते अत्यंत तापट होते! तरीही त्यांनी हे काम सुमारे तीस वर्षे केले.

लोक कागद दाखविण्यास का भीत, हे समजून घेतले पाहिजे. १८५२ साली इंग्रज सरकारने इनामांची चौकशी करण्यासाठी कायदा करून इनाम कमिशन नेमले होते. ज्यांना आपला हक्क कागदांनी सिद्ध करता आला नाही, अशा अनेकांची इनामे गेली. तेव्हापासून कागद मागणारा कोणी आला की घरधन्याच्या मनात शंका उभी राही. आपल्या वंशावळीत एखादी चूक निघेल, भाऊबंद तिचा फायदा घेतील, जमिनीवरचा हक्क जाईल, असे त्याला वाटे. त्यामुळे पुष्कळ घरांतून राजवाड्यांना रिक्त हस्ते परतावे लागले. काही ठिकाणी ते पोहोचण्यापूर्वीच कागद नदीत सोडलेले असत.

या दप्तरांत वंशावळी का असत? आपल्याकडे पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी ही वतने वंशपरंपरेने चालत. दोन घराण्यांत वतनाविषयी तंटा झाला म्हणजे प्रत्येक पक्ष आपली हकीकत लिहून देई. तिला करीना म्हणत. मूळ पुरुष कोण, तो या गावी कोठून आला, त्याला मुलगे किती, कोणता निपुत्रिक वारला, दुष्काळात कोण परागंदा झाला व कोण परत आला, हे सारे करिन्यात असे. मग गावचे लोक सभेस बसत व निवाडा होई. त्या निवाड्याच्या महजरावर साक्षीदार आपापल्या निशाण्या करीत. शेतकरी नांगराचे चित्र काढी. सुतार, लोहार हे बलुतेदार आपल्या हत्यारांच्या आकृती काढीत. ज्यांना अक्षर येत नव्हते त्यांचीही नावे अशा रीतीने कागदावर आली. तीनशे वर्षांपूर्वी एखाद्या खेड्यात सुतारकी कोण करीत होता, हे आज आपण सांगू शकतो ते अशा महजरांच्या बळावर. स्त्रियांची नावे मात्र या वंशावळींत क्वचितच आढळतात. बापामागून मुलगा, मुलामागून नातू एवढेच त्या सांगतात. आयांची व मुलींची नावे शोधावयाची तर दानपत्रे व खासगी पत्रे पाहावी लागतात. जुन्या वंशावळींतील हे मोठेच न्यून होय.

वतनाचा लाभ ज्या कागदावर अवलंबून, तो कागद खोटाही असू शकतो, हे राजवाडे पूर्णपणे जाणून होते. तंटे जिंकण्यासाठी लोक बनावट महजर करीत, नसलेला पूर्वज उभा करीत, किंवा भावाची शाखाच गाळून टाकीत. म्हणून कागदाची परीक्षा करावी लागे. कागद कोणत्या काळचा, अक्षराचे वळण कसे, शिक्का कोणाचा, हे आधी पाहावयाचे. नंतर नावे मोजावयाची. एका पिढीस साधारणपणे पंचवीस-तीस वर्षे धरतात. समजा, चारशे वर्षांच्या अवधीत वंशावळ सहाच पुरुष दाखविते. तर तीत निश्चितच नावे गळाली आहेत. आपल्याकडे आजोबांचे नाव नातवास ठेवण्याची चाल आहे. त्यामुळे एकच नाव एका आड एक येते, आणि नक्कल करणारा दोन पुरुषांचा एक करून बसतो. हे सारे पारखून, ज्या घटनेविषयी लिहिले आहे त्या घटनेच्या काळचा कागद पहिला मानावयाचा आणि पुढे शंभर वर्षांनी लिहिलेली बखर त्याच्या मागे ठेवावयाची, हा राजवाड्यांचा दंडक होता.

याचे एक उदाहरण आपल्या ओळखीच्या घराण्याचे आहे. तमिळनाडूतील तंजावर येथे व्यंकोजी राजांच्या वंशजांचे राज्य होते. तेथील बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले घराण्याचा वंश व चरित्र मराठीत दगडावर कोरलेले आहे. सरफोजी राजांनी १८०३ साली ते कोरविले. इतका मोठा मराठी शिलालेख पाहून मन थक्क होते. परंतु शहाजी राजे १६६४ साली वारले. म्हणजे त्यांची हकीकत या भिंतीवर आली ती जवळजवळ १४० वर्षांनंतर. दगडावर कोरलेले असले, तरी ते शहाजींच्या काळच्या कागदांशी ताडूनच घ्यावे लागते. राजवाड्यांना शहाजींच्या पदरी असलेल्या जयराम पिंड्ये या कवीचे ‘राधामाधवविलासचंपू’ हे काव्य मिळाले. कवी शहाजींच्या दरबारात वावरलेला असल्यामुळे त्याच्या शब्दाला वेगळेच मोल होते. १९२२ साली हे काव्य प्रसिद्ध करताना राजवाड्यांनी त्यास फार विस्तृत प्रस्तावना जोडली. तोपर्यंत बहुतेक लोक शहाजींना शिवाजी महाराजांचे वडील एवढ्याच नात्याने ओळखत असत. या प्रस्तावनेमुळे त्यांचे स्वतःचे कर्तृत्व लोकांच्या दृष्टीस पडले.

दोनच वर्षांनी, १९२४ साली, राजवाड्यांनी ‘महिकावतीची बखर’ संपादून प्रसिद्ध केली. महिकावती म्हणजे माहीम. मुंबई, साष्टी, ठाणे, वसई या प्रदेशाची ही जुनी हकीकत निरनिराळ्या लेखकांनी निरनिराळ्या काळी लिहिली आहे. तिचा सर्वांत जुना भाग केशवाचार्यांनी शके १३७० मध्ये, म्हणजे १४४८ साली रचला. तो कसा रचला गेला, हे बखरीतच सांगितले आहे. यादवांचे राज्य लयास जाऊन तेव्हा सव्वाशेवर वर्षे लोटली होती. राज्ये बदलली, लोक पांगले आणि आपण कोण, कोठून आलो, हे त्यांना सांगता येईना. तेव्हा मालाडचे देसाई नायकोराव यांना देवीने स्वप्नात दर्शन दिले. त्यांनी गावोगावच्या लोकांस एकत्र बोलाविले, आणि केशवाचार्यांनी त्या सभेपुढे प्रत्येक घराण्याचा वंश, गोत्र व कुलदैवत कथन केले. बिंब राजाबरोबर ६६ कुळे कोकणात आली, असे ती बखर म्हणते.

अशा ग्रंथात दैवी कथा आणि खऱ्या हकीकती एकमेकांत मिसळलेल्या असतात. शकांचे आकडे चुकलेले असतात. एकाच गोष्टीचे दोन ठिकाणी दोन काळ सांगितलेले असतात. राजवाड्यांनी ते कोकणचे शिलाहार व देवगिरीचे यादव यांच्या काळाशी ताडून पाहिले. त्यांनी गावांच्या नावांकडेही लक्ष दिले. माणसांच्या वंशावळी हरवल्या, तरी गावांची नावे टिकतात. एखाद्या गावाला झाडावरून नाव पडलेले असते, एखाद्याला प्राण्यावरून, तर एखाद्याला तेथे प्रथम राहावयास आलेल्या लोकांवरून. कोणत्या भागात प्रथम वस्ती कोणी केली, याचा अंदाज राजवाड्यांनी अशा नावांवरून बांधला.

त्यांचे सर्वच अंदाज पुढे टिकले असे नाही. बिंब राजा बाराव्या शतकात आला, असे त्यांनी ठरविले. तो तेराव्या शतकाच्या अखेरीस आलेला यादव राजपुत्र असावा, असे दुसऱ्या काही अभ्यासकांचे मत आहे. जाती व कुळे यांच्या उत्पत्तीविषयी त्यांनी मांडलेले अनेक सिद्धांत नंतरच्या संशोधकांनी मान्य केले नाहीत. राजवाड्यांची बुद्धी मोठी वेगवान होती. ती कधी कधी पुराव्याच्याही पुढे धावे. पण ज्या कागदांच्या आधारे त्यांचे म्हणणे खोडता येते, त्यांतील कितीतरी कागद त्यांनीच वाचविलेले आहेत!

एकट्याने हिंडून हे काम पुरे होणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून १९१० साली त्यांनी खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांच्या साहाय्याने पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली. गावोगावच्या घराण्यांनी आपली दप्तरे तेथे आणून दिली, आणि सभासद ती वाचून टिपणे प्रसिद्ध करू लागले. पुढे राजवाड्यांचे मंडळाशी पटेनासे झाले. मतभेद झाला की सोडून जावयाचे, हा त्यांचा स्वभावच होता. अखेर ते खानदेशात धुळ्यास गेले. मराठी भाषेतील धातूंचा, म्हणजे क्रियापदांच्या मूळ रूपांचा, कोश करण्यासाठी ते टिपणे करीत होते. माणसांप्रमाणे शब्दांचीही वंशावळ असते, आणि तीही मागे मागे जात शोधता येते. हेच काम त्यांनी उतारवयात हाती घेतले होते.

३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर धुळ्याच्या त्यांच्या स्नेह्यांनी त्यांच्या नावाने संशोधन मंडळ स्थापन केले, त्यांचे कागद व टिपणे तेथे जपून ठेविली आणि ‘संशोधक’ नावाचे नियतकालिक सुरू केले. अपुरा राहिलेला धातुकोश त्या मंडळाने पुढे, १९३७ साली, छापून प्रसिद्ध केला.