देव घरोघरी पोहोचविणारे चित्रकार : राजा रविवर्मा

आपल्या गावच्या मंदिराचा जीर्णोद्धार सर्वांच्या हातभाराने पूर्णत्वास गेला, ही श्रींचीच कृपा होय. या मंगल प्रसंगी निघणाऱ्या स्मरणिकेत संतमहात्म्यांची चरित्रे यावीत हे योग्यच आहे. परंतु ज्याने स्वतः एकही मंदिर बांधले नाही आणि तरीही लाखो घरांत देवघर उभे केले, अशा एका थोर चित्रकाराचे स्मरणही या निमित्ताने व्हावे, म्हणून हा अल्पसा लेख. त्यांचे नाव राजा रविवर्मा.

रविवर्मांचा जन्म २९ एप्रिल १८४८ रोजी केरळातील, त्या वेळच्या त्रावणकोर संस्थानातील, किळिमानूर येथे झाला. घराणे राजघराण्याशी सोयरीक असलेले, विद्येची व कलेची आवड असलेले होते. आई उमयांबा स्वतः कवयित्री, वडील संस्कृतचे जाणकार आणि मामा राजराजवर्मा हे चित्रकार. घरात पुराणे वाचली जात, कथकळीचे खेळ होत. लहानगा रविवर्मा कोळशाने वाड्याच्या भिंतींवर जनावरांची आणि रोजच्या व्यवहाराची चित्रे काढी. दुसऱ्या कोणी भिंती खराब केल्या म्हणून मार दिला असता. मामांनी मात्र मुलाचा हात ओळखला व त्याला स्वतः शिकविण्यास प्रारंभ केला.

वयाच्या चौदाव्या वर्षी मामांनी त्यांना तिरुवनंतपुरमला महाराज आयिल्यम तिरुनाळ यांच्या दरबारी नेले. तेथे राजवाड्यातील चित्रे पाहावयास मिळाली, पण तैलरंगाची विद्या शिकविण्यास कोणी राजी होईना. दरबारचे जाणते चित्रकार आपली विद्या दुसऱ्यास देत नसत. १८६८ साली थिओडोर जेन्सन नावाचे युरोपियन चित्रकार दरबारी आले. त्यांनीही शिकविले नाही, फक्त आपण काम करीत असता पाहू दिले. रविवर्मांनी जे पाहिले ते मनात ठेवले आणि घरी येऊन पुन्हा पुन्हा करून पाहिले. गुरू न मिळताही विद्या मिळविणाऱ्या एकलव्याची आठवण व्हावी, असाच हा प्रकार होता.

चित्रकला हाच आपला व्यवसाय करावयाचा, असा निश्चय करण्याची वेळ आली तेव्हा ते प्रथम देवीच्या दारी गेले. कर्नाटकातील कोल्लूर येथील मूकांबिका देवीच्या मंदिरात त्यांनी १८७० साली एकेचाळीस दिवस व्रतस्थ राहून उपासना केली. तेथून परतताना कालिकत येथे त्यांना पैसे घेऊन चित्र काढण्याचे पहिले काम मिळाले. घरंदाज माणसाने मोल घेऊन चित्रे काढणे त्या काळी मानाचे समजले जात नसे. हे बळ त्यांना श्रद्धेने दिले असे म्हणावयास हरकत नाही.

पुढील कीर्ती झपाट्याने आली. १८७३ साली मद्रासच्या प्रदर्शनात त्यांना गव्हर्नरचे सुवर्णपदक मिळाले व त्याच चित्राचा व्हिएन्ना येथेही गौरव झाला. ते चित्र कोणा राजाचे किंवा देवाचे नव्हते. केसांत फुलांचा गजरा माळणारी एक नायर स्त्री, एवढाच त्याचा विषय. १८९३ साली अमेरिकेतील शिकागो येथे त्यांची दहा चित्रे गेली. त्यांतही निरनिराळ्या प्रांतांतील स्त्रिया आपापल्या नित्याच्या पेहरावात होत्या. लुगड्याचे काठ, पदराची घडी, नथ, बांगड्या, समईचा उजेड, फुलांची परडी, ज्या गोष्टी आपण रोज पाहतो आणि पाहूनही पाहत नाही, त्या त्यांनी डोळे भरून पाहिल्या. समुद्रापलीकडे चित्रे गेली, स्वतः रविवर्मा मात्र कधी परदेशी गेले नाहीत.

बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनी १८८८ साली त्यांना रामायण, महाभारत व पुराणांतील प्रसंगांवर चौदा चित्रे काढण्यास सांगितले. आता प्रश्न असा पडला की, सीता, द्रौपदी, दमयंती यांनी नेसावे काय? जुन्या काळच्या वेषाचा शोध घेण्यासाठी रविवर्मा आपले धाकटे बंधू सी. राजराजवर्मा यांना बरोबर घेऊन देशभर फिरले. प्रत्येक प्रांताचा वेष निराळा, सर्वांना आपला वाटेल असा एकही पेहराव सापडेना. शेवटी त्यांनी साडी निवडली. त्यांच्या पुराणांतील कित्येक स्त्रिया आपल्याकडील नऊवारीच्या धाटणीने नेसलेल्या दिसतात, ही आपणा मराठी माणसांना अभिमानाची गोष्ट आहे.

पुढे १८९६ च्या सुमारास त्यांनी लक्ष्मी व सरस्वती रंगविल्या. लक्ष्मी कमळावर उभी आहे, चार हात आहेत आणि बाजूस सोंडेत माळ घेतलेला हत्ती आहे. सरस्वती वीणा घेऊन पाण्याकाठी खडकावर बसली आहे आणि जवळ मोर आहे. हात चार असले तरी मुद्रा मात्र घरातील एखाद्या शांत, कर्त्या लेकीसुनेची. म्हणूनच ती चित्रे पाहता कोणासही परके वाटले नाही.

परंतु ही चित्रे राजवाड्यांत राहणार, ती सामान्य माणसाच्या दृष्टीस कशी पडणार? त्रावणकोर व बडोदे येथे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव यांनी त्यांना पूर्वीच सुचविले होते की, चित्रांच्या छापील प्रती काढाव्यात. पुण्यास चित्रशाळा छापखाना १८७८ पासून देवादिकांची चित्रे छापीतच होता. रविवर्मांनी जर्मनीहून यंत्रे मागविली, तेथील कारागीर आणले आणि १८९४ साली मुंबईत छापखाना सुरू केला. शकुंतलेचा जन्म हे तेथे छापलेले पहिले चित्र. हे काम फार किचकट. चित्रातील प्रत्येक रंगासाठी गुळगुळीत दगडाची निराळी शिळा तयार करावयाची आणि एकच कागद एकामागून एक अशा अनेक शिळांवरून काढावयाचा. एक शिळा केसभर सरकली तरी देवीचा डोळा बिघडे.

एवढ्यात मुंबईत प्लेगची साथ आली. १८९९ साली छापखाना लोणावळ्याजवळ मळवली येथे, कार्ल्याच्या एकवीरा आईच्या डोंगराच्या परिसरात हलविण्यात आला. तरीही धंदा आतबट्ट्याचाच ठरला. कर्ज वाढत गेले आणि अखेरीस छापखाना जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायखर यांना विकावा लागला. उत्तम चित्रकार हा उत्तम व्यापारी असतोच असे नाही.

छापखाना हातचा गेला, पण चित्रे थांबली नाहीत. ती दिनदर्शिकेवर आली, साबणाच्या आणि बाळांच्या औषधाच्या जाहिरातींवर आली, कापडाच्या ताग्यांवरील चिठ्ठ्यांवर आणि काड्यापेटीवरही आली. आयाबहिणींनी छापील लक्ष्मीला टिकल्या, जर व खऱ्या कापडाची साडी चिकटवून नटविले. रोजच्या जीवनातून घेतलेले रूप पुन्हा रोजच्या जीवनात परत आले. आपले दादासाहेब फाळके यांनीही चित्रपटाकडे वळण्यापूर्वी या छापखान्यासाठी काम केले होते. त्यांनी १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट काढला.

या चित्रांनी आणखी एक मोठे काम केले. त्या काळी आपल्यातील कित्येक बांधवांना देवळाची पायरी चढण्याची मुभा नव्हती. त्रावणकोरात मंदिरे सर्वांना खुली झाली ती १९३६ साली आणि पंढरीचा विठुराया सर्वांना भेटला तो साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ साली. त्याच्या कितीतरी आधी छापील देव झोपडीच्या कुडावर जाऊन बसला होता. रविवर्मांनी ठरवून केलेली ही समाजसुधारणा नव्हे, परंतु छापील कागद विकत घेणाऱ्याची जात विचारीत नाही.

पुढे काही विद्वानांनी टीका केली की, ही परकीय धर्तीची कला आहे आणि यातील देव नाटकातील पात्रांसारखे दिसतात. टीकेत तथ्य असेलही. परंतु ज्या माउलीने त्या चित्रासमोर रोज दिवा लावला, तिला त्यात देवच दिसला.

१९०५ च्या जानेवारीत सावलीसारखी साथ देणारे बंधू गेले. त्या दुःखातून रविवर्मा सावरले नाहीत. २ ऑक्टोबर १९०६ रोजी किळिमानूर येथे वयाच्या ५८ व्या वर्षी त्यांनी देह ठेवला. मळवलीच्या छापखान्याला १९७२ साली आग लागून पुष्कळ ठेवा नष्ट झाला. १९७९ साली भारत सरकारने त्यांच्या चित्रांना राष्ट्रीय कलाठेव्याचा दर्जा दिला.

ग्रामस्थ बंधुभगिनींनो, जीर्णोद्धार म्हणजे केवळ जुने काढून नवे बसविणे नव्हे. नवे घर किंवा नवा सभामंडप झाला की जुन्या तसबिरी प्रथम अडगळीत जातात आणि मग नदीत सोडल्या जातात. तसे करण्यापूर्वी एकदा चौकट पुसून पाहावी. चित्राच्या तळाशी रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा असा बारीक मजकूर आढळल्यास ती तसबीर ओल, ऊन व समईच्या काजळीपासून जपून ठेवावी. तीवर आपल्या आजीपणजीच्या बोटांचे हळदीकुंकू असेल.

नव्या मंदिरात श्रींचे दर्शन घेताना, देवाला आपल्या घराच्या भिंतीवर आणून बसविणाऱ्या या थोर कलावंताची आठवण राहो, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.