आठशे मैल चालली, पण मंदिराचं दार बंदच राहिलं

अमेरिकेत मॉर्मन पंथाच्या आद्य प्रवाशांत जेन मॅनिंग जेम्स हे नाव आज आदरानं घेतलं जातं. हयातीत मात्र तिला अर्धाच मान मिळाला.

जेन कनेक्टिकटमधली कृष्णवर्णीय, पण गुलाम नव्हे. पंथ स्वीकारून 1843 मध्ये ती आई-भावंडांसह नॉवू गावी निघाली. बफेलोला बोटीत घेतलं नाही, म्हणून सगळे पायी निघाले. आठशे मैल! म्हणजे सुमारे तेराशे किलोमीटर. वाटेत बूट झिजले, टाचा फुटल्या, रक्त आलं. नॉवूत पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांच्या घरी ती धुणं-घरकाम करायची.

1847 मध्ये नवरा आयझॅक आणि मुलांसह ती सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचली. सुरुवातीचे दिवस उपासमारीचे. तरी शेजारच्या एलायझा लायमनला तिनं दोन पौंड पीठ दिलं, घरातलं निम्मं. पुढं नवरा सोडून गेला. वीसेक वर्षांनी म्हातारा होऊन परतला, तेव्हा तिनंच त्याला सांभाळलं. आठातली सहा मुलं तिच्या डोळ्यांदेखत गेली.

मंदिरातल्या विधींसाठी ती वर्षानुवर्षं अर्ज करत राहिली. कृष्णवर्णीयांना ते बंद होते. 1894 मध्ये काय दिलं, तर जोसेफ स्मिथ यांची कायमची नोकर म्हणून विधी; तोही तिच्या जागी दुसरी बाई उभी करून! ती पुन्हा अर्ज करतच राहिली.

1908 मध्ये ती वारली. अंत्यविधीला खुद्द पंथाध्यक्ष बोलले. बंदी उठली 1978 साली. पुढच्याच वर्षी तिच्या नावानं ते विधी झाले.