वेरूळचा चित्रकार : जेम्स वेल्स

वेरूळविषयी लिहिताना आपण राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचे नाव घेतो, कैलास घडविणाऱ्या अनाम शिल्पकारांना मनोमन वंदन करतो आणि पुढे जातो. ही लेणी कागदावर उतरविण्यासाठी जे चित्रकार इथे कष्टले, त्यांची आठवण क्वचितच निघते. जेम्स वेल्स हा त्यांपैकी एक. सवाई माधवराव पेशवे आणि नाना फडणीस यांचे एकत्र तैलचित्र काढणारा म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना तो परिचित आहेच.

वेल्सचा जन्म १७४७ साली स्कॉटलंडमधील पीटरहेड या बंदराच्या गावी झाला. शिक्षण ॲबर्डीनला झाले. चित्रकला मात्र तो बहुतांशी आपली आपणच शिकला. वयाची चाळिशी उलटल्यावर, १७९१ मध्ये, तो मुंबईस उतरला. पुण्यात तेव्हा चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील होता. त्याच्या ओळखीने वेल्सचा दरबारात प्रवेश झाला आणि पेशवे, नाना, महादजी शिंदे अशा मातब्बरांची चित्रे त्याच्या हातून उतरली. तरुण पेशव्याला चित्रांची आवड होती. शनिवारवाड्यात एक चित्रशाळाही निघाली. तिथला सर्वांत गुणी विद्यार्थी म्हणजे गंगाराम चिंतामण तांबट.

या गंगारामाविषयी थोडे थांबून सांगितले पाहिजे. पेशव्यांच्या शिकारखान्यातील गेंड्याचे चित्र त्याने १७९० मध्येच, म्हणजे वेल्स हिंदुस्थानात येण्यापूर्वी, काढले होते. १७९३ साली त्याने वेरूळच्या लेण्यांची चित्रे काढली. वेल्स तिथे पोहोचला तो त्यानंतर, १७९५ मध्ये. तेव्हा या जोडीत वेरूळ आधी पाहिले ते शिष्याने!

वेल्सने वेरूळला केलेले काम सोपे नव्हते. ही लेणी पश्चिमाभिमुख आहेत. सकाळी आत अंधार असतो आणि ऊन शिरते ते दुपार कलल्यावर. खांबांमागचे खांब, त्यांची अंतरे, छताची खोली हे सारे त्या थोड्या वेळात टिपायचे. कैलासाची अडचण आणखी निराळी. तो वरून खाली कोरीत आणलेला असल्यामुळे खाली अंगणात उभे राहून तो पुरता नजरेत मावत नाही. आपल्यापैकी ज्यांनी सहलीत वही काढून प्रयत्न केला असेल त्यांना हे ठाऊक आहेच.

१७९५ हे वर्ष मोठे वाईट निघाले. ऑक्टोबरात सवाई माधवराव शनिवारवाड्यात पडून वारले, अवघ्या एकविसाव्या वर्षी. नोव्हेंबरात वेल्स गेला. कान्हेरीची लेणी रेखाटण्याचे काम त्या सुमारास चालू होते. वेरूळचे एकही चित्र छापलेले पाहण्याचे त्याच्या नशिबी नव्हते.

पुढे मॅलेटने वेल्सच्या सुझाना या मुलीशी १७९९ मध्ये विवाह केला. वेल्सची रेखाटने विलायतेत टॉमस डॅनियलच्या हाती गेली. हा डॅनियल मोठा नामांकित चित्रकार. मुंबईस आला असता वेल्सनेच त्याला आसपासची लेणी हिंडून दाखविली होती, पण वेरूळला तो कधीच गेला नाही. तरी १८०३ साली त्याच्या देखरेखीखाली वेरूळची चोवीस चित्रे तांब्याच्या पत्र्यांवर कोरून प्रसिद्ध झाली. ग्रंथावर वेल्सचे नाव आहे, डॅनियलचे आहे. तांबटाचे नाही. त्याची रेखाटने मॅलेटच्या संग्रहातून फिरत फिरत आता अमेरिकेत येल विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात आहेत आणि अलीकडे अभ्यासक ती आवर्जून पाहू लागले आहेत. उशिरा का होईना!

वेल्सच्या मनातले आणखी एक काम अपुरे राहिले होते : १७९० च्या टिपूविरुद्धच्या तहाचा पेशवे दरबार. तेही त्याच्या रेखाटनांवरून डॅनियलनेच १८०५ मध्ये तैलरंगात पुरे केले. त्या भव्य चित्रात माणसांइतकाच दिवाणखानाही बोलतो. नक्षीदार खांब, कमानी, बैठका, सारे काही त्यात आहे. १८२८ मध्ये शनिवारवाड्याला लागलेल्या आगीत आतले महाल जळाले. आज वाड्यात गेले तर जोती तेवढी दिसतात. तो दरबार कसा दिसत होता हे पाहायचे तर लंडनच्या टेट संग्रहालयातील त्या चित्राकडे जावे लागते.