मेणबत्ती विझवून मागितलेली रजा

शेतात राबणारा माणूस थकतो, कारखान्यात पाळी करणारा थकतो, हे आपल्याला पटते. पण गाणारा, लिहिणारा, चित्र काढणारा थकतो असे म्हटले की आपण हसतो. आवडीचेच तर काम आहे, मग रजा कशाला हवी? या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्हाला फ्रान्झ जोसेफ हायडन या थोर ख्रिस्ती संगीतकाराची आठवण होते.

हायडन यांचा जन्म ३१ मार्च १७३२ रोजी ऑस्ट्रियातील रोहराऊ या खेड्यात झाला. वडील गाड्यांची चाके बनवीत. आई लग्नाआधी गावच्या उमरावाच्या वाड्यात स्वयंपाक करीत असे. बारा भावंडांत जोसेफ दुसरा. वडिलांना संगीताची लिपी वाचता येत नव्हती, तरी दिवसभराचे काम आटोपले की ते हार्प घेऊन बसत आणि सारे घर गाऊ लागे. आठव्या वर्षाच्या सुमारास जोसेफची निवड व्हिएन्ना येथील संत स्टीफन कॅथेड्रलच्या गायकवृंदात झाली. पुढे वयात येताना आवाज फुटला आणि त्याला तेथून बाहेर पडावे लागले. माळ्यावरच्या खोलीत राहून, शिकवण्या करून, रात्री जागून त्याने स्वतःच संगीतरचनेचा अभ्यास केला.

१७६१ साली हायडन एस्टरहाझी या श्रीमंत सरदार घराण्याच्या सेवेत रुजू झाले. पगार चांगला होता, पण बंधनेही तशीच होती. नोकराचा गणवेश घालायचा. दिवसातून दोनदा सरदारांच्या दालनाबाहेर हजर राहून आज्ञा घ्यायची. हुकूम होईल तशी रचना करायची, वादकांची तालीम घ्यायची, वाद्यांची निगा राखायची आणि वादकांची भांडणेही मिटवायची. हायडन यांनी हे सारे इतक्या मायेने केले की वादक त्यांना ‘पापा’ म्हणू लागले.

सरदार निकोलस यांनी हंगेरीत दलदलीच्या एकाकी भागात एक भव्य राजवाडा बांधला. त्यांचा जीव तेथेच रमे. वादकांना मात्र बायकामुलांना मागे ठेवून तेथे राहावे लागे. काही मोजके लोक सोडले तर कोणालाही कुटुंब सोबत आणण्याची परवानगी नव्हती. १७७२ साली सरदारांचा मुक्काम लांबतच गेला. घरची ओढ लागलेले वादक शेवटी आपल्या ‘पापा’कडे आले.

हायडन काय करू शकत होते? तेही नोकरच. तक्रार केली तर सरदारांचा रोष ओढवणार, गप्प बसावे तर माणसे कोमेजणार. त्यांनी एक नवी सिंफनी लिहिली. तिचा शेवटचा भाग जोशात सुरू होतो आणि मध्येच थांबतो. मग एक संथ, हळवी सुरावट सुरू होते. आपापला भाग संपवून आधी ओबो आणि हॉर्न वाजवणाऱ्यांतला एकेक जण उठतो, समोरची मेणबत्ती विझवतो आणि वाद्य घेऊन निघून जातो. मग दुसरा, मग तिसरा. अंधार वाढत जातो. अखेरीस फक्त दोन व्हायोलिन हलक्या आवाजात वाजत राहतात आणि तेही थांबतात.

सरदार निकोलस संगीताचे जाणकार होते. न बोललेली विनंती त्यांना कळली. दुसऱ्याच दिवशी निघण्याची तयारी सुरू झाली, असे हायडन यांच्या सुरुवातीच्या चरित्रकारांनी नोंदवले आहे. ही रचना आज ‘फेअरवेल’ म्हणजे ‘निरोप’ सिंफनी या नावाने जगभर वाजवली जाते.

स्वतः हायडन विसावा कसा घेत? मासेमारी आणि शिकार हे त्यांचे आवडते छंद होते. आणि लिहिताना काही सुचेनासे झाले की ते हट्टाने कागदाशी झगडत बसत नसत. हातात जपमाळ घेऊन खोलीत येरझाऱ्या घालत, काही ‘नमो मरिया’ म्हणत; मग अडलेली सुरावट पुन्हा वाहू लागे. आपल्या हस्तलिखितांचा आरंभ ते प्रभूच्या नावाने करीत आणि शेवट देवाच्या स्तुतीने. काम आपले असले तरी सुचणे हे देणे आहे, हे त्यांनी ओळखले होते.

पण इतरांसाठी रजा मिळवणाऱ्या हायडन यांना स्वतःला ती सहज मिळत नसे. राजवाड्यात नाट्यगृह होते आणि वर्षाला शंभराहून अधिक संगीतनाटकांचे प्रयोग त्यांना सांभाळावे लागत. १७९० साली व्हिएन्नातील एका मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांत त्यांनी आपल्या एकटेपणाचे दुःख सांगितले आहे. एक दिवसासाठी शहरात जाण्याचीही परवानगी मिळत नव्हती. तेव्हा त्यांचे वय ५८ होते आणि त्यांची कीर्ती सगळ्या युरोपभर पसरली होती!

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सरदार निकोलस वारले. वारसाने वाद्यवृंद मोडला. हायडन यांचे वेतन चालू राहिले, पण दैनंदिन कामातून ते मोकळे झाले. ते लंडनला निघाले आणि आयुष्यात प्रथमच त्यांनी समुद्र पाहिला. लंडनमध्ये कामाची कमतरता नव्हती. पण वेळ आता स्वतःचा होता. १७९१ च्या उन्हाळ्यात ते शहराबाहेर एका स्नेह्याच्या घरी पाच आठवडे राहिले. तेथेही त्यांनी लेखन केले, पण पहाटे इंग्रजी व्याकरणाचे पुस्तक घेऊन ते एकटेच रानात फिरत आणि आपल्या निर्मात्याचे, मागे राहिलेल्या माणसांचे स्मरण करीत. त्याच वर्षी वेस्टमिन्स्टर ॲबेत हँडेल यांचे ‘मसीहा’ ऐकून ते हेलावून गेले.

इंग्लंडच्या दोन प्रवासांसाठी मिळून त्यांनी बारा सिंफनी लिहिल्या. परतताना त्यांनी विश्वाच्या उत्पत्तीवरील एक काव्य सोबत आणले. त्यातून ‘क्रिएशन’ हे महान भक्तिसंगीत जन्मले. ते लिहिताना हायडन रोज गुडघे टेकून प्रार्थना करीत. १७९८ साली ते प्रथम सादर झाले, तेव्हा ते ६६ वर्षांचे होते. त्यात निर्मितीचे सहा दिवस आहेतच. पण तिसऱ्या भागात सारे काम पूर्ण झाले आहे आणि आदाम व एवा एदेन बागेत देवाची स्तुती करीत आहेत. कामाचा शेवट अशा निवांत आनंदात व्हावा, हे ज्याने मोकळ्या वेळेची वाट पाहिली त्यालाच इतके सुंदर गाता आले असावे, असे आम्हाला वाटते.

१८०१ मधील ‘सीझन्स’ या मोठ्या रचनेनंतर मात्र शरीर थकले. सुरावटी मनात येत, पण त्या कागदावर उतरवण्याचे बळ उरले नव्हते. शेवटची रचना अपुरीच राहिली. ३१ मे १८०९ रोजी व्हिएन्ना येथे त्यांनी देह ठेवला. तीस वर्षांच्या चाकरीत हा मोकळेपणा थोडा आधी लाभला असता तर? या प्रश्नाचे उत्तर कोणाकडेच नाही.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या धर्मग्रामातही असे लोक आहेत. प्रत्येक सणाला ऑर्गनवर बसणारे, गायकवृंदाची तालीम घेणारे, नाताळचा गोठा सजवणारे, नाटक बसवणारे. ते आनंदाने करतात म्हणून आपण त्यांच्यावरच सारे टाकतो. हायडन यांच्या वादकांना निदान मेणबत्ती विझवून सांगता आले. आपल्या लोकांची मेणबत्ती विझू लागण्याआधीच आपण त्यांना विचारू या: या वेळी तुम्ही घरच्यांसोबत बसाल का? तेवढे काम आम्ही सांभाळू.