धुराची चव न सोडणारे ताकेत्सुरू

सहार विमानतळावर उतरून अंधेरी-घाटकोपरकडे निघालेल्या प्रवाशांच्या सामानात 'सिंगल मॉल्ट'ची बाटली असणे आता नवलाचे राहिलेले नाही. मात्र तिची पारख बहुधा किमतीवरून आणि लेबलवरील वर्षांच्या आकड्यावरून होते. नाक आणि जीभ यांवर विसंबून ही विद्या स्कॉटलंडहून आशियात नेणारे मासाताका ताकेत्सुरू म्हणूनच आठवावेसे वाटतात.

त्यांचा जन्म २० जून १८९४ रोजी हिरोशिमाजवळील ताकेहारा येथे, तांदळाची 'साके' बनविणाऱ्या घराण्यात झाला. लहानपणी पडून नाकाला मार बसला आणि तेव्हापासून आपले घ्राणेंद्रिय तीक्ष्ण झाले, असे ते सांगत. १९१८ मध्ये ओसाकाच्या एका मद्यकंपनीने त्यांना स्कॉटलंडला धाडले. ग्लासगो विद्यापीठात ते रसायनशास्त्र शिकले. पण खरे शिक्षण झाले ते लाँगमॉर्न आणि हेझलबर्न येथील भट्ट्यांवर. पाहिलेले सारे त्यांनी वह्यांत टिपून ठेवले. १९२० मध्ये घरच्यांचा विरोध पत्करून त्यांनी रिटा कोवन या स्कॉटिश तरुणीशी विवाह केला आणि त्याच वर्षी ते मायदेशी परतले.

शिंजिरो तोरी यांनी १९२३ मध्ये त्यांच्या हाती यामाझाकी डिस्टिलरीच्या उभारणीची सूत्रे दिली. तेथील पहिली व्हिस्की १९२९ मध्ये बाजारात आली आणि साफ पडली. पीट या दलदलीतील इंधनाच्या धुरावर वाळविलेल्या सातूचा वास जपानी ग्राहकांना रुचला नाही. तोरींना देशी जिभेला मानवणारी व्हिस्की हवी होती. धंद्याच्या दृष्टीने ते चुकलेही नव्हते. ताकेत्सुरू मात्र स्कॉटलंडच्या चवीपासून हटले नाहीत. १९३४ मध्ये ते बाहेर पडले आणि होक्काइदो बेटावरील थंड, समुद्रकाठच्या योइची गावी त्यांनी स्वतःची कंपनी काढली. व्हिस्की मुरायला वर्षे लागतात. तोवर सफरचंदाचा रस विकून दिवस काढले. पहिली 'निक्का' व्हिस्की १९४० मध्ये आली.

जाणकार आजही मॉल्ट आधी हुंगतात. पाणी घालून मद्यार्काचा झणका उतरवायचा, मग फळ, मध, धूर, लाकूड असे वास वेगळे काढायचे. घोट त्यानंतर, आणि गिळल्यावर चव किती रेंगाळते हे सर्वांत शेवटी. वय म्हणजे गुण नव्हे. फार काळ पिंपात राहिलेली व्हिस्की लाकडाने कडवटते. गोव्यासारख्या उष्ण हवेत तर ती इतक्या झपाट्याने उडते आणि मुरते की, तिथल्या वर्षांची स्कॉटलंडच्या वर्षांशी तुलनाच होत नाही.

रिटा १९६१ मध्ये गेल्या. ताकेत्सुरू २९ ऑगस्ट १९७९ रोजी. त्यानंतर २२ वर्षांनी, २००१ मध्ये, 'व्हिस्की मॅगझिन'च्या परीक्षकांनी नाव न पाहता नमुने चाखले. सर्वाधिक गुण योइचीच्या १० वर्षे मुरविलेल्या मॉल्टला मिळाले. २००८ मध्ये तिथल्याच २० वर्षांच्या मॉल्टला जगातील सर्वोत्तम सिंगल मॉल्टचा किताब मिळाला.